हरेगावच्या वाटा आणि वस्ती

कोणत्याही गावाचा इतिहास लिहू पाहणारा माणूस प्रथम राजवटीची नावे शोधतो. निजामशाही, मोगलाई, पेशवाई, इंग्रजी अंमल अशी त्याची प्रकरणे पडतात. परंतु ज्या खेड्याने ना किल्ला पाहिला ना लढाई, त्याचा इतिहास कशावरून लिहावा? आमच्या मते अशा गावाच्या इतिहासाची दोनच खरी साधने आहेत : गावात किती माणसे राहिली, आणि ती कोणत्या वाटेने आली व गेली. अहमदनगर जिल्ह्याला (२०२४ पासून त्याचे सरकारी नाव अहिल्यानगर झाले आहे) ही कसोटी विशेषच लागू पडते. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्रातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठा असा हा जिल्हा. पश्चिमेस सह्याद्रीचा पाऊस आणि पूर्वेस व दक्षिणेस कोरडे माळ. येथे वस्ती वाढली ती पाण्यामागून आणि पांगली तीही पाण्यापायीच. आमच्या वाचकांना मतमाउलीमुळे चांगल्या परिचयाचे असलेले श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव हे या घडामोडीचे बोलके उदाहरण आहे. त्याच्या वाटांची आणि वस्तीची हकीकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर जो भीषण दुष्काळ पडला, त्याची आठवण आपल्या पणज्यांच्या ओव्यांतून आणि बोलण्यातून पुढे कितीतरी वर्षे टिकून होती. त्याच वेळी दौंड ते मनमाड हा सुमारे १४५ मैलांचा लोहमार्ग बांधला जात होता. मातीचा भराव घालण्याच्या कामावर दुष्काळग्रस्तांचे हात लागले आणि १८७८ साली या मार्गावरून गाड्या धावू लागल्या. दक्षिणेकडून येणारी आणि उत्तरेकडे जाणारी अशा दोन मोठ्या लोहमार्गांना जोडणारा हा दुवा होता. त्याचा पहिला हेतू गावांची सोय हा नव्हता; धान्य, सैन्य आणि व्यापारी माल मुंबईस वळसा न घालता हलवता यावा, हा होता. तरीही विसापूर, सारोळा, नगर, विळद, वांबोरी, राहुरी, बेलापूर, पुणतांबे, कोपरगाव अशी स्थानके मांडली गेली आणि नगर जिल्ह्याच्या मधोमध एक नवी कणा-रेषा उमटली. तोवर नगरहून राहुरी, कोल्हार, कोपरगावमार्गे उत्तरेकडे जाणारा रस्ता हाच या भागाचा मुख्य मार्ग होता आणि बैलगाडीच्या चालीवरच माणसाचा दिवस मोजला जात असे.

ख्रिस्तसभेच्या दृष्टीनेही हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकन मराठी मिशनने नगर शहरात १८३१ पासूनच काम मांडले होते. कॅथलिक येशूसंघीय धर्मगुरू मात्र १८७८ च्या सुमारास राहुरी तालुक्यातील वळण-केंदळ या मुळेच्या खोऱ्यातील गावांकडे वळले. दुष्काळ, लोहमार्ग आणि कॅथलिक मिशन या तिन्ही गोष्टी एकाच काळात जिल्ह्यात याव्यात, हा केवळ योगायोग नव्हे. दुष्काळाने माणसाला गावाबाहेर काढले. लोहमार्गाने त्याला जाण्यास वाट दिली. आणि त्याच वाटेने धर्मगुरूंना आत येण्यास मार्ग मिळाला. १८८६ साली पुणे धर्मप्रांताची स्थापना झाली आणि नगर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी केंदळसारख्या आडवळणी खेड्यातून ‘निरोप्या’ मासिकाचा आरंभ केला. खेड्यात बसून लिहिलेला मजकूर छापून दूरदूरच्या ख्रिस्ती घरांत पोहोचू शकला, कारण टपाल आता बैलगाडीवर नव्हे, आगगाडीवर चढत होते. हेच डोरिंग पुढे १९०७ साली पुण्याचे महागुरुस्वामी झाले.

या काळातील लोकसंख्येचे आकडे पाहिले, तर जिल्ह्याचे दैन्य स्पष्ट दिसते. १९०१ च्या खानेसुमारीत नगर जिल्ह्याची लोकसंख्या ८,३७,६९५ भरली. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने ती सुमारे सहा टक्क्यांनी घटली होती. दुष्काळ आणि प्लेग यांनी ही घट केली. पुढे १९१८ च्या इन्फ्लुएंझाने आणि त्याच सुमाराच्या अवर्षणाने १९२१ च्या गणनेतही जिल्हा पुन्हा खाली आला. म्हणजे ज्या पिढीत आमच्या अनेक घराण्यांनी बाप्तिस्मा घेतला, ती पिढी मरणाच्या दाढेतून वाचलेल्यांची होती. आज आपल्यापैकी काही जण पूर्वजांच्या धर्मांतराबद्दल संकोचाने बोलतात आणि बाहेरचे काही जण तुच्छतेने. अशा वेळी हे आकडे समोर ठेवणे बरे. ज्याच्या ताटात भाकरी नव्हती, ज्याला गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती, त्याने मिशनच्या दाराशी भाकरीबरोबर मानही मागितला. त्या मागणीत लाजण्यासारखे आम्हांला काहीच दिसत नाही.

आता हरेगावकडे वळू. प्रवरा आणि गोदावरी यांच्या मधल्या सपाट, काळ्या जमिनीच्या पट्ट्यात हे गाव वसले आहे. जवळचे रेल्वे स्थानक बेलापूर. पण येथे एक गंमत आहे. मूळ बेलापूर गाव प्रवरेच्या काठी, स्थानकापासून काही अंतरावर राहिले आणि स्थानकाभोवती वेगळेच एक शहर उभे राहिले. तेच आजचे श्रीरामपूर. तालुक्याला नाव श्रीरामपूरचे मिळाले, पण रेल्वेने स्थानकाचे बेलापूर हे जुने नाव चालूच ठेवले. लोहमार्ग गावापर्यंत आला नाही, तर गाव लोहमार्गापर्यंत चालत जाते, हे येथे डोळ्यांनी दिसते.

परंतु केवळ स्थानकाने शहर उभे राहत नाही. १९१० साली प्रवरेच्या उगमाकडे भंडारदरा येथे धरणाचे काम सुरू झाले. १९२६ साली ते पुरे झाले व विल्सन धरण या नावाने ओळखले जाऊ लागले. प्रवरेच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांत बारमाही पाणी खेळवले. जेथे बाजरी-ज्वारीच्या एका पिकावर वर्ष काढावे लागे, तेथे ऊस उभा राहू लागला. पाणी आले, स्थानक तयारच होते. आता भांडवल यायचे बाकी होते. पहिल्या महायुद्धानंतर लवकरच बेलापूर कंपनी स्थापन झाली. ब्रॅडी कंपनीच्या व्यवस्थेखाली तिचा साखर कारखाना हरेगाव येथे उभा राहिला. खाजगी साखर कारखानदारीच्या महाराष्ट्रातील इतिहासात हरेगावचे नाव पहिल्या पंक्तीत घ्यावे लागते. पुढे १९३३ साली डहाणूकरांनी जवळच टिळकनगरचा उद्योग आरंभिला आणि हा सारा परिसर साखरेचा मुलूख झाला.

कंपनीला ऊस हवा, म्हणून जमीन हवी. सरकारने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास हरेगाव, उंदीरगाव, खानापूर, शिरसगाव, माळवाडगाव, मुठेवाडगाव, वडाळा महादेव, निमगाव खैरी अशा आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीने कंपनीकडे जाऊ दिल्या. मालक शेतकरी खंडाचे धनी झाले. शेतात मात्र कंपनीचे मळे पसरले, मळ्यांत मजुरांच्या वाड्या वसल्या, आणि उसाची वाहतूक करण्यासाठी अरुंद रुळांचे छोटे लोहमार्ग टाकले गेले. गावकरी त्यांना ट्रॉलीलाइन म्हणत. ज्या भागात पक्का रस्ता पोहोचला नव्हता, त्या भागात रूळ पोहोचले होते. ते माणसांसाठी नव्हते, हेही खरे. तरी रुळांच्या कडेची पायवाट हीच कित्येक वाड्यांची बाजाराची, शाळेची आणि चर्चची वाट झाली.

या वाड्यांत कोण राहावयास आले? राहुरी, नेवासे, संगमनेर, वैजापूर, गंगापूर अशा भागांतील भूमिहीन कुटुंबे. त्यांत ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ होती. मूळ गावी महारकी-मांगकीच्या वतनी कामांत जखडलेला माणूस येथे आला, तेव्हा त्याला हजेरीपुस्तकात स्वतःच्या नावाने नोंद मिळाली आणि आठवड्याला रोख मजुरी मिळाली. मजुरी तुटपुंजी होती, वाडीतील खोली लहान होती, मुकादमाचा जाच होता. तरीही गावगाड्यातील बलुत्यापेक्षा हे जिणे निराळे होते, हे आम्हांला नाकारता येत नाही. आगगाडीचे तिकीट काढताना कोणी जात विचारीत नाही आणि डब्यात शेजारी कोण बसावे हे पाटील ठरवीत नाही. त्याचप्रमाणे कारखान्याच्या भोंग्यालाही कोणाची जात ठाऊक नव्हती. समाजशास्त्रज्ञ याला स्थलांतर म्हणतील. आमच्या वाडवडिलांच्या दृष्टीने ते वेशीच्या आत येणे होते.

माणसांमागून ख्रिस्तसभा आली. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनरींना ब्रिटिश सरकारने स्थानबद्ध केले वा मायदेशी धाडले. नगर शहरातच अशा स्थानबद्धांची मोठी छावणी होती. त्यामुळे जिल्ह्यातील धर्मकार्याची घडी काही काळ विस्कटली. ती सावरल्यावर धर्मगुरूंच्या ध्यानात आले की आपला कळप आता जुन्या खेड्यांत राहिलेला नाही. तो उसाच्या मळ्यांत गेला आहे. हरेगावला संत तेरेजाच्या नावाने मंदिर उभे राहिले, शाळा निघाली, मुलांची वसतिगृहे चालली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस येशूसंघीय फादर बाडर यांच्या काळात पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाची यात्रा येथे सुरू झाली. वांद्र्याच्या टेकडीवरील मोत माउलीचे नाव मराठी मुखात रुळून मतमाउली झाले. वांद्र्याला जाण्याएवढे गाडीभाडे ज्यांच्या पदरी नव्हते, त्यांच्यासाठी माउलीच उसाच्या मळ्यांत आली, असे आमच्या आज्या म्हणत.

यात्रेच्या वाढीत दळणवळणाचा वाटा मोठा आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, ही गोष्ट जिल्ह्याच्या अभिमानाची आहे. पुढील दोन-तीन दशकांत एस.टी.चे जाळे खेड्यापाड्यांत पसरले आणि जे गाव आगगाडीच्या वाटेवर नव्हते त्यालाही थांबा मिळाला. औरंगाबाद, जालना, बीड, नाशिक, पुणे, मुंबई येथील भाविक श्रीरामपूरपर्यंत येऊन पुढे हरेगावला पोहोचू लागले. ८ सप्टेंबरच्या लगतच्या शनिवार-रविवारी भरणाऱ्या यात्रेसाठी जादा गाड्या सोडल्या जातात, आणि दूरदूरच्या धर्मग्रामांतून पदयात्रींचे जथे पायी निघतात. गर्दीची संख्या लाखांत सांगितली जाते. वर्षातून दोन दिवस हरेगाव जिल्ह्यातील मोठ्या नगरांच्या तोडीचे होते.

उरलेल्या दिवसांचे काय, हा खरा प्रश्न आहे. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५० साली लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि साखरेच्या उद्योगातील पुढाकार खाजगी कंपन्यांकडून शेतकऱ्यांच्या सहकाराकडे गेला. १९६१ चा जमीन कमाल मर्यादेचा कायदा आला. साखर कंपन्यांचे अतिरिक्त मळे सरकारने घेतले आणि १९६३ साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे सोपवले. हरेगाव मळा हा त्यांतलाच. कारखाना आणि मळा यांची एकमेकांशी असलेली नाळ तुटली. अतिपाण्याने कालव्याखालच्या काही जमिनी चोपण आणि क्षारपड झाल्या. ज्याच्या भोंग्यावर सारा परिसर उठत-बसत असे, तो हरेगावचा कारखाना विसावे शतक सरण्याआधीच बंद पडला. ट्रॉलीचे रूळही गेले. शेती महामंडळाचाही कारभार हळूहळू आक्रसत गेला.

एकविसाव्या शतकात खंडकरी शेतकऱ्यांना जमिनी परत देण्याचे निर्णय झाले. ते न्याय्यच होते; ज्यांच्या जमिनी होत्या त्यांना त्या मिळाव्यात. परंतु त्या जमिनीवर दोन-तीन पिढ्या राबलेल्या मजुरांचे काय? सातबाऱ्यावर त्यांचे नाव कधीच नव्हते. त्यांचे नाव होते हजेरीपुस्तकात, आणि हजेरीपुस्तक कोणत्याही न्यायालयात मालकीचा पुरावा होत नाही. राहत्या वाडीत घरापुरती दोन गुंठे जागा मिळावी, ही महामंडळाच्या कामगारांची मागणी वर्षानुवर्षे चालत आली. या कामगारांत ख्रिस्ती कुटुंबे आहेत, तशी बौद्ध, मातंग, मुसलमान कुटुंबेही आहेत. हा प्रश्न आमच्या एकट्या समाजाचा नाही, आणि म्हणूनच तो एकट्याने सुटणाराही नाही.

पोटाची वाट बंद झाली की पायाची वाट उघडते. हरेगाव-श्रीरामपूर भागातील तरुण पुण्याला गेले, नाशिक-मुंबईला गेले. जो लोहमार्ग त्यांच्या पणजोबांना या भागात घेऊन आला, तोच नातवंडांना बाहेर घेऊन गेला. पुण्याच्या उपनगरांतील मराठी मिस्सानंतर चर्चच्या आवारात थोडा वेळ उभे राहिले, तर नगर जिल्ह्याची बोली सहज कानी पडते. गावी राहिलेल्यांत वृद्ध अधिक. २०११ च्या गणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती; म्हणजे ११० वर्षांत ती पाचपटीहून वाढली. या वाढीत जुन्या कारखान्यांच्या वाड्यांना वाटा मिळाला नाही. जिल्हा भरत असताना एखादी वाडी रिती होत जाते, आणि मोठ्या बेरजेत ते कोणालाच दिसत नाही.

सरकारी गणनेची आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. खानेसुमारी साधारणतः फेब्रुवारी महिन्यात होते. त्या वेळी उसाचा हंगाम भरात असतो. पाथर्डी-शेवगावकडील आणि बीडकडील ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात कोपी टाकून राहत असतात. त्यांचे गाव कोणते म्हणावे? जेथे घर आहे ते, की जेथे चूल पेटते ते? २०२१ ची गणना तर वेळेवर होऊच शकली नाही. तेव्हा माणसांच्या येण्याजाण्याचा खरा हिशेब कोठे सापडेल?

आमच्या मते तो आपल्या धर्मग्रामांच्या कपाटांत आहे. १५६३ साली आटोपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेपासून बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदवह्या ठेवण्याचा दंडक ख्रिस्तसभेत पडला. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मुलाचे व आईबापांचे नाव, तारीख आणि गाव लिहिले जाते. पुढे तेच मूल मोठे होऊन दुसऱ्या एखाद्या धर्मग्रामात विवाहबद्ध झाले, तर तेथील धर्मगुरू मूळ धर्मग्रामाला कळवतात आणि त्या जुन्या नोंदीच्या समासात विवाहाची तारीख व ठिकाण भरले जाते. हा समास म्हणजे आमच्या समाजाच्या स्थलांतराचा नकाशाच होय. वळण वा केंदळच्या जुन्या वहीतील मुलाचा विवाह हरेगावी झालेला असेल, हरेगावच्या वहीतील मुलीचा पुण्यास. कोणत्या दशकात माणसे कोणत्या दिशेने गेली, लग्नसंबंध किती अंतरावर होऊ लागले, हे त्या समासांवरून जितके कळेल तितके कोणत्याही सरकारी अहवालावरून कळणार नाही. सातबाऱ्याने आणि मस्टरने ज्यांची नावे टिकवली नाहीत, त्यांची नावे या वह्यांनी टिकवली आहेत.

जुन्या शाईला आणि जुन्या कागदाला वाळवी, ओल आणि आपला हलगर्जीपणा हे तिन्ही शत्रू आहेत. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत स्थापन होऊन नगर जिल्हा पुण्याकडून नाशिककडे आला, तेव्हापासून काही कागद एका ठिकाणी आणि काही दुसऱ्या ठिकाणी असणे स्वाभाविक आहे. म्हणून आमची आमच्या धर्मग्रामबंधूंना विनंती आहे की, धर्मगुरूंच्या अनुमतीने आणि त्यांच्या देखरेखीखाली या वह्यांच्या नीट प्रती करून घ्याव्यात. प्रत्येक घराने आपल्या आजोबा-पणजोबांचे मूळ गाव, ते कोणत्या साली कोणत्या वाटेने आले, कोणत्या वाडीत राहिले, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. ज्या घरात अशी माहिती सांगणारे माणूस अजून हयात आहे, त्या घराने पुढच्या यात्रेची वाट पाहू नये.

दळणवळणाच्या नव्या योजनांची चर्चा आज पुन्हा जोरात आहे. दौंड-मनमाड मार्गाच्या दुहेरीकरणाचे काम एकविसाव्या शतकात हाती घेतले गेले. २००९ साली पुणतांब्याहून शिर्डीला लोहमार्गाचा फाटा गेला. बेलापूरहून नेवासे-शेवगावमार्गे परळीकडे लोहमार्ग व्हावा ही मागणी तर पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. या सर्वांचे आम्ही स्वागतच करतो. मात्र हरेगावच्या इतिहासाने एक गोष्ट शिकवली आहे : वाट दोन्ही दिशांना जाते. गावात काम आणि पायाखाली स्वतःची जागा असेल, तर त्याच वाटेने शाळा, दवाखाना आणि बाजार आत येतो. ती नसेल, तर त्याच वाटेने तरुण बाहेर जातो. संगमनेर तालुक्यातील मेंढवण, दरेवाडी येथे येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने झालेल्या पाणलोट विकासाच्या कामांनी दाखवून दिले की, माथ्यावरचे पाणी अडवले तर पायथ्याचा माणूस गावातच टिकू शकतो. प्रवरेच्या खोऱ्यात धरणाने माणसे गोळा केली. डोंगरपट्ट्यात साध्या बांधांनी ती थांबवली.

मतमाउलीच्या यात्रेस येणाऱ्या भाविकांपैकी पुष्कळांचे वाडवडील या मळ्यांत राबले आहेत. माउलीपुढे मेणबत्ती लावून झाल्यावर त्यांनी एकदा मागच्या वाड्यांतून फिरून यावे, तेथे उरलेल्या कुटुंबांची विचारपूस करावी, त्यांच्या घरजागेच्या अर्जाचे काय झाले ते विचारावे, आणि ज्याला कायद्याचे, कचेरीचे वा लेखणीचे ज्ञान आहे त्याने ते थोडे तेथे खर्च करावे. नवसाइतकेच हेही माउलीला रुजू होईल, अशी आमची श्रद्धा आहे.